कोल्हेकुईच्या हद्दीत

दिवाळी सरली, थंडी पडू लागली, की वणीच्या कडेच्या वस्त्यांना रात्री एक आवाज ओळखीचा होतो. निर्गुडा नदीच्या काठाकडून आधी एकच हाक येते, लांब आणि चढत जाणारी. तिला दुसरी मिळते, आणि मग एकदम गलका उडतो. अंगणातली कुत्री उठतात. झोपेतला माणूस कूस बदलत म्हणतो, वीस-पंचवीस तरी असतील. असतात दोन, फार तर चार. कोल्हा एका दमात सूर इतक्यांदा बदलतो, आणि जोडीतला दुसरा त्यात आपला सूर असा घालतो, की ऐकणाऱ्याचा हिशेब चुकतोच. सकाळी पानठेल्यावर त्या पंचवीसांची टोळी होते, दुपारपर्यंत टोळी पिसाळते, आणि संध्याकाळी कुणीतरी विचारतं, 'वनखातं काय करून राहिलं?'

वनखातं काय करू शकतं, काय करू शकत नाही, आणि त्याआधी आपल्या हातात काय असतं, हे एकदा सावकाश पाहू.

आधी प्राणी ओळखू. मराठीत 'कोल्हा' हा शब्द आपण सैल वापरतो. द्राक्षं आंबट म्हणणारा, पुस्तकातल्या चित्रात झुबकेदार लाल शेपटीचा, तो आपल्या भागातला नव्हे. आपल्याकडे त्याचा जवळचा भाऊबंद म्हणजे खोकड: दोन-चार किलोचं, मांजरापेक्षा जरा मोठं, टोकदार तोंडाचं, शेपटीचं टोक काळं. ते माळावर राहतं आणि माणसापासून दूरच असतं. कोल्हा त्याहून मोठा, आठ-दहा किलोचा, भुरकट सोनेरी, पाठीवर काळसर केस. लांडगा उंच पायांचा आणि कोल्ह्याच्या दुपटीहून जड. अंधारात टॉर्चच्या उजेडात तिघांचेही डोळे सारखेच चमकतात, म्हणून 'लांडगा आला' ही हाक बहुतेक वेळा कोल्ह्यावर फुकट जाते.

'कोल्हा काकडीला राजी' ही म्हण ज्याने केली त्याने प्राणी नीट पाहिला असणार. कोल्हा खरोखरच कशालाही राजी असतो. सोयाबीन-कपाशीच्या वावरातले उंदीर, नाकतोडे, वाळवीचे पंखवाले किडे, बोरं, सीताफळं, वाडीतलं टरबूज, मेलेलं ढोर, कुणाची उघड्यावर निजलेली कोंबडी. हिवाळ्यात धुऱ्याधुऱ्याने चालताना त्याची विष्ठा दिसली तर ती बोरांच्या बियांनी भरलेली असते. धुऱ्यावरच्या कितीतरी बोरी त्यानेच लावल्या आहेत, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही. त्याच्या रात्रीच्या फेरीचा मोठा भाग आपल्याला फायद्याचाच असतो, पण तो कुणी पाहत नाही. कोंबडी नेली की मात्र गाव जागा होतो.

नर-मादी जोडीने राहतात आणि आपला इलाखा धरून असतात. मादी दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर बिळात साधारण तीन ते पाच पिल्लं देते. मागच्या वेतातली एखाद-दोन पिल्लं कधी कधी आईबापांजवळ थांबून धाकट्यांना वाढवायला मदत करतात. ही गोष्ट पुढे कामी येणार आहे, म्हणून ध्यानात असू द्या.

आता प्रश्न असा, की हा प्राणी वणीसारख्या गजबजलेल्या गावाच्या इतक्या जवळ का. नकाशा डोळ्यांसमोर आणला तर उत्तर अर्धं मिळतं. गावाच्या भोवती वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खुल्या खाणी. कोळशावरची माती काढून टाकल्याने उभे राहिलेले टेकड्यांएवढे ढिगारे. जुन्या ढिगाऱ्यांवर काटेरी झुडपं आणि सुबाभूळ माजलेली, मधल्या खड्ड्यांत पाणी साचलेलं, आणि हद्दीत बाहेरच्या माणसाला मज्जाव. लपायला जागा, प्यायला पाणी, माणसाची वर्दळ नाही. जनावराला याहून जास्त काय लागतं? रानडुकरं आणि रोही आधी आले. त्यांच्या मागे कोण आलं ते पुढे येईलच.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग आपल्या उकिरड्यावर आहे. चिकनच्या दुकानातली पिसं-आतडी पोत्यात भरून रात्री पुलाखाली टाकली जातात. मेलेलं ढोर गावाबाहेर नेऊन उघड्यावर सोडलं जातं. लग्नाचं उरलेलं जेवण नाल्यात ओततात. यांतल्या प्रत्येक ठिकाणी कोल्हा दुसऱ्या रात्री हजर असतो, आणि त्याच्याबरोबर गावातली मोकाट कुत्रीही. कुत्री आणि कोल्हे एकाच ढिगावर तोंड घालतात, तिथूनच खरी काळजी सुरू होते. रेबीज आणि डिस्टेंपर हे दोन्ही रोग कुत्र्याकडून कोल्ह्याकडे आणि कोल्ह्याकडून कुत्र्याकडे जाऊ शकतात. २०२४ च्या सप्टेंबरात मुंबईत चेंबूरच्या बाजूला कोल्हे माणसांना चावल्याच्या घटना झाल्या आणि मेलेल्या कोल्ह्यांच्या तपासणीत रेबीज निघाला. तिथे खाडीकाठची खारफुटी, इथे खाणीचे ढिगारे. माणसाच्या कचऱ्याला लागून असलेलं रान दोन्हीकडे.

अमेरिकेत कोयोटी नावाचा याच स्वभावाचा प्राणी आहे, आणि तो तर शिकागोसारख्या महानगरात घर करून आहे. तिथल्या कुक काउंटीत २००० सालापासून त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधून अभ्यास चालू आहे. आढळलं असं, की बहुतेक कोयोटी माणसाला टाळत रात्री फिरतात, उंदरांसारख्या छोट्या प्राण्यांवर पोट भरतात, आणि लोकांना ते शेजारी राहतात याचा पत्ताही नसतो. त्रास देणारे थोडे, आणि त्यांच्यातल्या पुष्कळांना कुणीतरी आधी खायला घातलेलं असतं. तिथल्या अनेक शहरांचे नियम म्हणून दोनच गोष्टींभोवती फिरतात: खाऊ घालू नका, आणि अंगणात आला तर त्याला माणसाची भीती वाटेल असं करा.

आपला कायदा दुसऱ्या टोकाने सुरू होतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमात २०२२ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून ती लागू आहे. पूर्वीच्या सहा अनुसूचींच्या जागी चार आल्या. कोल्हा आता पहिल्या अनुसूचीत आहे, म्हणजे संरक्षणाच्या बाबतीत वाघाच्याच रांगेत. खोकड आणि लांडगाही तिथेच. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार म्हणजे किमान तीन वर्षं, जास्तीत जास्त सात वर्षं कैद, आणि पंचवीस हजारांपासून पुढे दंड.

'शिकार' हा शब्दही कायद्यात आपल्या बोलण्यापेक्षा पुष्कळ रुंद आहे. गोळी घालणं तर आलंच; विष घालणं, फासा लावणं, पिंजऱ्यात धरणं, पकडण्यासाठी हाकणं, आमिष ठेवणं, आणि यांतलं काहीही करण्याचा नुसता प्रयत्न, सगळं शिकारीतच मोडतं. कोंबडी नेणाऱ्या कोल्ह्यासाठी मटणाच्या तुकड्यात थायमेटसारखं कीटकनाशक भरून ठेवणारा माणूस कोल्हा न मरताही गुन्हेगार ठरतो. शिवाय त्या तुकड्याने आधी शेजाऱ्याचं कुत्रं मरतं, हा अनुभव गावोगाव आहे. जाता जाता एक: 'सियारसिंगी' म्हणून कोल्ह्याचं शिंग विकायला येणारे लोक भेटतात. कोल्ह्याला शिंग नसतं. कातडी आणि केस गुंडाळून केलेला तो गोळा असतो. खरा असो वा बनावट, भाग्य उजळण्याआधी घरात वनखातं येण्याची शक्यता जास्त.

मग पकडायचा अधिकार कुणाला? ही गोष्ट बहुतेकांना चुकीची माहीत असते. सरपंचाला नाही, नगरपरिषदेला नाही, पोलिसांना नाही, खाणीच्या व्यवस्थापकालाही नाही. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्यासाठी अधिनियमाच्या कलम ११ खाली राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकाचा लेखी, कारणं नमूद केलेला आदेश लागतो. आणि कारणं दोनच चालतात: प्राणी माणसाच्या जिवाला धोकादायक झाला आहे, किंवा तो बरा न होण्याइतका जायबंदी वा रोगी आहे. पिकाचं नुकसान किंवा कोंबड्या या यादीत नाहीत. धोकादायक ठरला तरी लगेच मारता येत नाही; पकडणं, बेशुद्ध करणं किंवा दुसरीकडे हलवणं शक्य नाही अशी खात्री आधी व्हावी लागते. पकडला तर त्याला उगाच कैदेत ठेवता येत नाही; जंगलात परत सोडता येत नसेल तर तेही लेखी सांगावं लागतं.

मात्र कायदा माणसाला वाऱ्यावर सोडत नाही. स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवावर बेतलं असताना प्रामाणिकपणे बचाव करताना प्राणी मेला वा जखमी झाला, तर तो गुन्हा नाही. अट एवढीच, की त्या वेळी आपण स्वतः त्या कायद्याखालचा गुन्हा करत नसावं. फासे लावायला गेलेल्या माणसाला ही ढाल मिळत नाही. आणि मेलेला प्राणी सरकारचा. त्याला हात न लावता कळवायचं.

इतकं ऐकल्यावर माणूस विचारतो, मग अंगणात उभ्या कोल्ह्याचं मी करू काय? पुष्कळ काही. उभं राहा, हात वर करा, जोरात ओरडा, ताट वाजवा, त्याच्या दिशेने दोन पावलं टाका. पाठ दाखवून पळू नका आणि पोरांना त्याच्या मागे धावू देऊ नका. तो कुंपणाबाहेर जाईपर्यंत थांबा. अर्ध्यावर सोडलं तर ओरडण्याचा काही अर्थ नसतो हे तो शिकतो. दोन-चार रात्री सगळ्या घरांनी हेच केलं तर तो वाट बदलतो. एका घराने ओरडायचं आणि शेजारच्याने गंमत म्हणून भाकर टाकायची, यातून काही निष्पन्न होत नाही. कोंबड्या रात्री बंद खुराड्यात, आणि जाळी जमिनीत वीतभर तरी गाडलेली, कारण कोल्हा उकरतो. शेळ्यांची करडं कोठ्यात, दार लावून. चिकनच्या दुकानाचा ड्रम झाकणाचा. ही शेवटची गोष्ट नगरपरिषदेच्या हातातली आहे, आणि माझ्या मते कोल्ह्यांच्या बाबतीत गावाला जो काही खरा उपाय करता येतो तो या झाकणापासून सुरू होतो.

घराजवळच्या ढिगात बीळ सापडलं आणि आत पिल्लं असली तर बीळ बुजवू नये, धूर करू नये, पिल्लं उचलून आणू नयेत. काही आठवड्यांत ती बाहेर हिंडायला लागतात आणि कुटुंब बीळ सोडतं. तेवढे दिवस त्या बाजूला लहान मुलं आणि कुत्री जाऊ देऊ नये. भर दुपारी दिसलेला कोल्हा पिसाळलेलाच असतो असंही नाही. पिल्लांसाठी दिवसाही हिंडावं लागतं. काळजी करायची ती लाळ गळणाऱ्या, झोकांड्या खाणाऱ्या, माणूस पाहून न हटणाऱ्या किंवा दगडा-लाकडाला चावत सुटलेल्या कोल्ह्याची. डिस्टेंपरमध्येही अशी चाल होते. रेबीज की डिस्टेंपर हे आपल्याला बघून ठरवता येत नाही, आणि ठरवायची गरजही नाही. लांब राहायचं आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं.

चावलाच तर घाई दोन गोष्टींची. पहिली, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुणं. घड्याळ लावून पंधरा. दोन मिनिटांत माणसाला वाटतं झालं. हळद, तिखट, चुना, तेल काही लावायचं नाही. दुसरी, त्याच दिवशी सरकारी दवाखाना. वन्यप्राण्याचा चावा हा आपल्याकडे तिसऱ्या म्हणजे सर्वांत गंभीर गटात धरतात. लशीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं. कातडीत द्यायच्या लशीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. कुत्रं चावलं तर 'दहा दिवस बघू, कुत्रं जगतं का' असं लोक म्हणतात. तो हिशेब पाळीव कुत्र्या-मांजरांपुरता आहे, आणि तिथेही पहिली सुई थांबवायची नसते. कोल्ह्याला तो लागूच नाही. रेबीजची लक्षणं दिसल्यावर उपाय जवळपास उरत नाही, म्हणून यात टाळाटाळ नको.

आता सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न: पकडून दूर ताडोबात नेऊन सोडत का नाही? मघाशी सांगितलेली जोडी आणि इलाखा आठवा. एक जोडी उचलली की इलाखा मोकळा होतो, आणि उकिरडा तर तिथेच असतो. आजूबाजूची तरणी, बिनघराची जनावरं तिथे येतात. त्यांना गाव, कुत्री, माणसं यांची सवय नसते. उचललेलं जनावर नव्या ठिकाणी दुसऱ्याच्या हद्दीत पडतं किंवा परत येऊ बघतं. बिबट्यांच्या बाबतीत महाराष्ट्राने हे फार महागात शिकून घेतलं. जुन्नरच्या उसाच्या पट्ट्यात २००१ नंतर बिबटे मोठ्या संख्येने पकडून दुसरीकडे सोडले गेले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर केलेल्या अभ्यासात दिसलं, की त्याआधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत, ते १७ वर गेले. पिंजरा आला की गाव शांत होतं, हे खरं. पण शांत झालेला असतो गावाचा राग, बिबट्यांचा प्रश्न नव्हे.

कोल्ह्याचा नेहमीचा सूर सोडून एकट्याने केलेली एक चिरकी, फाटकी हाक असते. अशी हाक देणारी भालू ओरडली म्हणजे वाघ जवळ असेल, असं जुनी माणसं म्हणत. वाघाच्या शिकारीचं उरलंसुरलं खायला कोल्हा त्याच्या मागावर असतो, त्यामुळे त्या समजुतीत थोडं तथ्य असावं. आणि वणीला ते ऐकण्याचे दिवस पुन्हा आले आहेत. पूर्वेला चंद्रपूर जिल्ह्यात ताडोबा, पश्चिमेला पांढरकवड्याजवळ १४८ चौरस किलोमीटरचं टिपेश्वर अभयारण्य. एका जंगलातून दुसऱ्याकडे निघालेल्या तरण्या वाघाची वाट याच तालुक्यांतून जाते, आणि वाटेत खाणीच्या ढिगाऱ्यांवर डुकरं तयार असतात. २०२५ च्या जानेवारीत उकणी खाणीच्या हद्दीत एक वाघ मेलेला सापडला. त्याचे काही दात आणि नखं गायब होती.

वाघासाठी कायदा तोच, कलम तेच. फक्त राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने प्रत्येक पायरी लिहून दिली आहे. वस्तीजवळ वाघ दिसला की स्थानिक समिती बसते. तिच्यात वन अधिकारी, पशुवैद्यक, पंचायतीचा प्रतिनिधी, स्वयंसेवी संस्थेचा माणूस असे सगळे असतात. कॅमेरे लावून पट्ट्यांवरून वाघ कोणता ते ठरवायचं. ढोरं कुठे मारली, किती, कशी, याची नोंद करायची. बघ्यांची गर्दी हटवायला जमावबंदी लावता येते. पूर्वी ती कलम १४४ ची होती, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १६३. 'नरभक्षक' हा शब्दही कागदावर वापरत नाहीत, 'मानवी जीवितास धोकादायक' असं लिहितात. शब्द बदलून काय होतं, असं वाटेल. पण चुकून समोर आलेल्या माणसावर झालेला हल्ला आणि माणूस हेरून केलेली शिकार यांतला फरक तपासायचा असेल तर आधी शिक्का मारून चालत नाही.

ही प्रक्रिया किती ताणली जाऊ शकते हे शेजारच्या राळेगाव-पांढरकवडा भागाने टी-१ वाघिणीच्या, म्हणजे 'अवनी'च्या वेळी पाहिलं. तेरा माणसांचे जीव तिच्या नावावर लावले गेले. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, न्यायालयाने गरज पडल्यास तिला मारण्याचा आदेश थांबवला नाही, आणि २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री बोराटीच्या जंगलात तिला गोळी घातली गेली. तिच्यामागे दोन बछडे होते. गोळी ठरल्या पद्धतीने घातली की नाही यावर पुढे बरीच वर्षं वाद चालला. रात्री जागलीला जाणारा शेतकरी आणि शहरात मोर्चा काढणारा प्राणिमित्र, दोघांचीही तक्रार एकाच कागदाबद्दल होती. एकाला तो फार उशिरा आला असं वाटत होतं, दुसऱ्याला तो नीट पाळला नाही असं.

जागलीचा विषय निघालाच तर तारेबद्दल. डुकरं-रोही यांनी नाडलेला शेतकरी कुंपणात थेट खांबावरची वीज सोडतो. त्या तारेला डुक्कर कळत नाही. तिथे कोल्हा मरतो, वाघ मरतो, पहाटे पाणी द्यायला आलेला सख्खा भाऊही मरतो. सौर कुंपणाची झटका मशीन वेगळी: ती थांबून थांबून क्षणभराचा झटका देते, जनावर दचकून मागे सरतं आणि जगतं. जंगलालगतच्या गावांना त्यासाठी श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून अनुदान मिळतं. अर्ज वनपरिक्षेत्र कार्यालयात.

भरपाईचंही थोडं. राज्य सरकारच्या यादीत वाघ, बिबट, अस्वल, लांडगा, तरस, रानडुक्कर यांच्याबरोबर कोल्हाही आहे. माणूस मृत्यू पावला तर वारसांना २५ लाख रुपये. जखमींना आणि पाळीव जनावरांसाठी वेगवेगळे दर. पैसे अडतात ते बहुधा पंचनाम्यावर. शेळी मेली की बाई रडत रडत ती उचलून आणते, अंगण धुऊन काढते, आणि वनरक्षक येतो तेव्हा दाखवायला काहीच उरत नाही. म्हणून जिथे मारली तिथेच राहू द्यायची, फोटो काढायचे, दाताच्या खुणा आणि पायाचे ठसे तुडवू द्यायचे नाहीत, वरून टोपलं घालून ठसा झाकायचा, आणि त्याच दिवशी कळवायचं. पशुवैद्यकाचा दाखला लागतो. सातबारा, आधार, बँकेचं पासबुक आधीच एका पिशवीत असलेलं बरं.

पंचनामा झाला की शेळी पुरायची, आणि खोल पुरायची, कमरेइतक्या खड्ड्यात, वर दगड घालून. वीतभर माती लोटून आलात तर रात्री निर्गुडेच्या काठावरून पहिली हाक येईल, आणि सकाळी खड्डा उकरलेला असेल.